रतीबाची वही आणि ८४चा आकडा

वाचकाचं पत्र:

ताई, माझा मुलगा तिसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. गेल्या वर्षी सगळ्याच विषयांत मागे पडला. शाळेनं बुद्ध्यांक काढून आणायला सांगितलं. पहाटे साडेपाचच्या एसटीनं जिल्ह्याच्या गावाला गेलो, नंबर दुपारी दीडला लागला. तोवर तो माझ्या मांडीवर डुलक्या घेत होता. शाळा इंग्रजी म्हणून तिथल्या मॅडमनी प्रश्नही इंग्रजीतूनच विचारले. अहवालात लिहिलंय: मिसिक चाचणी, शाब्दिक ७४, कृती ९४, एकूण ८४, सरासरीपेक्षा कमी. शाळा म्हणते, झेपत नसेल तर दाखला काढून न्या. मुलगी सातवीत आहे. तिनं मोबाइलवर टेस्ट दिली, तिला १३८ आले. तेव्हापासून घरात दोघांची तुलना चालू आहे. सासूबाई त्याच्यादेखत म्हणतात, "राहू दे, त्याला नाही कळायचं." आमचा दुधाचा रतीब आहे, अठरा घरं. दोन वर्षं तोच वडिलांबरोबर जायचा. कुणाला किती, कुणाचा कधी खाडा, सगळं तोंडपाठ. वहीत टिपणंही तोच करायचा. आता ते मुलीला नेतात. शेजारीण तर "मतिमंद आहे का?" म्हणाली. तसा तो शांतच आहे. लहानपणी कान सारखा फुटायचा, बाकी काही दुखणं नाही. उंच असल्यामुळे वर्गात शेवटच्या बाकावर बसतो. हा आकडा खरा का? तो वाढतो का? आणि मुलाला सांगावा का?
— एक आई, वाळवा तालुका

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मी आकड्यांकडेच बघत होते. दुसऱ्या वेळी कानाच्या त्या एका वाक्याशी अडकले. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण हात घालायचा तर आधी तिथेच.

ज्या मुलांचा कान वरचेवर फुटतो, त्यांतल्या काहींना पुढे थोडं कमी ऐकू येतं. ठार बहिरेपण नसतं. हाक मारली की पोरगं वळतं, टीव्ही बघतं, म्हणून घरात कुणाला शंकाही येत नाही. पण तेच पोरगं भरलेल्या वर्गात, पंख्याच्या खडखडाटात, शेवटच्या बाकावर बसलंय आणि बाई फळ्याकडे तोंड करून बोलताहेत, असं डोळ्यांसमोर आणा. मराठी त्याच्या कानावर जन्मापासून आहे. अर्धा शब्द हुकला तरी उरलेला तो मनानं भरून काढतो. इंग्रजी शब्दाचा शेवट हुकला तर भरून काढायला त्याच्यापाशी काहीच नाही. असं मूल हळूहळू गप्प होत जातं आणि आपण म्हणतो, स्वभावच शांत आहे. तुमच्या मुलाचं असंच झालंय हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं याची तपासणी, झाल्याशिवाय त्या ८४ वर कुणीच काही बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. सिव्हिल हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. त्याच खेपेत डोळेही तपासून घ्या. खरं तर हे बुद्ध्यांकाच्या आधी व्हायला हवं होतं.

आता अहवालाकडे वळू. मिसिक ही भारतातल्या मुलांसाठी केलेली बुद्ध्यांक चाचणी. तिच्यात दोन प्रकारची कामं असतात. शाब्दिक भागात सगळा व्यवहार तोंडी चालतो: माहितीचे प्रश्न, शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींतलं साम्य, तोंडी हिशेब, ऐकलेले आकडे परत म्हणणं. कृतीच्या भागात मूल हातानं आणि डोळ्यानं काम करतं. चित्रात काय राहिलंय ते ओळखायचं, ठोकळ्यांची नक्षी जमवायची, तुकडे जोडायचे, भूलभुलैयातून वाट काढायची. जिथे कान आणि इंग्रजी लागलं तिथे तुमच्या मुलाला ७४ मिळाले. जिथे ते फारसं लागलं नाही तिथे ९४, म्हणजे त्याच्या वयाच्या मुलांच्या अगदी मधल्या घोळक्यात. या दोघांची सरासरी ८४. एक पाय गुडघाभर पाण्यात आणि दुसरा काठावर असला, तर सरासरीनं माणूस घोट्यापर्यंत भिजलेला ठरतो. त्या सरासरीवरून तो कुठे उभा आहे ते कळत नाही. दोन भागांत वीस गुणांची दरी असताना एकूण आकडा वाचून थांबू नये, तर ती दरी का पडली ते शोधावं. अहवाल लिहिणाऱ्यांनी ते तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं. आतल्या पानांवर प्रत्येक उपचाचणीचे गुण असतात. ती पानं मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

तरी समजा एकूण ८४ च धरले, तर त्याचा अर्थ काय? या चाचण्यांत सरासरी १०० मानतात आणि शंभरातली साधारण ६८ मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. ८४ च्या खाली शंभरात चौदा-एक मुलं असतात. चाळीस मुलांच्या वर्गात अशी पाच-सहा निघतील. शिवाय कुठलीही चाचणी नेमका एक आकडा पकडू शकत नाही. पाच-सहा गुण वर-खाली होणं धरूनच चालावं लागतं. म्हणजे ८४ हा खरं तर ७८ ते ९० असा पट्टा आहे आणि "सरासरीपेक्षा कमी" हा शिक्का त्या पट्ट्याच्या मधोमध मारलाय.

शेजारणीनं उच्चारलेला शब्द मात्र मनातून काढून टाका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तो नाही, तिथे बौद्धिक अक्षमता म्हणतात. ती ठरवताना साधारण ७० च्या खालचा बुद्ध्यांक बघतात आणि त्याच्या जोडीला रोजच्या जगण्यातली क्षमताही बघावीच लागते. नागपूरच्या ज्या आर्थर मालिन यांनी भारतातल्या मुलांसाठी १९६९ मध्ये ही मिसिक चाचणी तयार केली, त्यांनीच व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनश्रेणीचं भारतीय रूपही केलं. तिच्यात मुलाला ठोकळे देत नाहीत. आईला विचारतात की तो स्वतःचं स्वतः आवरतो का, एकटा बाहेर जातो-येतो का, पैसे हाताळतो का. अठरा घरांचा रतीब आणि खाडे तोंडपाठ ठेवणाऱ्या मुलाबद्दल या प्रश्नांची उत्तरं तुम्ही आनंदानं द्याल.

असले शब्द किती खोल जखम करतात, याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात कॅरी बक नावाची तरुण मुलगी होती. बुद्धी मोजणाऱ्या बिने चाचणीवरून तिचं मानसिक वय नऊ वर्षांचं ठरवलं, तिच्या आईचं आठाच्याही आत. कॅरीच्या काही महिन्यांच्या बाळालाही "बरोबर दिसत नाही" म्हणून त्याच रांगेत बसवलं. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि कॅरीवर सक्तीची नसबंदी झाली. ते बाळ, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेलं आणि एका सत्रात तिचं नाव गुणवंत मुलांच्या यादीत लागलं. आठ वर्षांची असताना ती आजारानं वारली.

ज्या माणसानं ही चाचणी पहिल्यांदा तयार केली, त्याच्या मनात असं काही नव्हतं. सक्तीच्या शिक्षणामुळे फ्रान्समध्ये सगळ्या थरांतली मुलं शाळेत येऊ लागली होती. त्यांतल्या कुणाला वेगळी मदत लागेल हे ओळखायला सरकारनं १९०४ मध्ये समिती नेमली. आल्फ्रेड बिने तिच्यात होते. थिओडोर सिमों यांच्याबरोबर त्यांनी १९०५ मध्ये तीस कामांची चढती मालिका रचली. पेटत्या काडीमागे मुलाची नजर फिरते का, इथून ती सुरू व्हायची. मुलाची बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेलं माप, ते वाढतच नाही, असं म्हणणाऱ्यांवर बिने फार चिडत. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष देण्याचे आणि लक्षात ठेवण्याचे व्यायाम सुचवले. त्यांतला एक तुमच्या अंगणात रोज चालत असेल: इशारा झाला की आहे तसं पुतळ्यासारखं थिजायचं. आपल्या पोरांचा स्टॅच्यूच तो. रोज काही सेकंद जास्त.

म्हणजे बिनेंचा प्रश्न होता, या मुलाला कुठली मदत हवी? तुमच्या शाळेचा प्रश्न आहे, हा मुलगा आम्हाला हवा की नको? चाचणी पहिल्या प्रश्नासाठी जन्माला आली आणि त्या प्रश्नाला ती खरंच चांगलं उत्तर देते. मी वर्षानुवर्षं मुलांच्या चाचण्या घेत आले आहे आणि चाचणी म्हणजे थोतांड असं कुणी म्हटलं तर मला वाईट वाटतं. एक मुलगी आठवते. सगळे तिला आळशी म्हणायचे, ती स्वतःही म्हणायची. बुद्ध्यांक उत्तम आला, पण वाचन तिसरीतल्या मुलाएवढं. अध्ययन अक्षमता होती आणि सहावीपर्यंत कुणाच्या लक्षात आली नव्हती. आपल्या राज्यात १९९६ पासून अशा मुलांना शालान्त परीक्षेत सवलती आहेत. तिला जादा वेळ मिळाला आणि ती दहावी नीट पास झाली. बुद्ध्यांक काढलाच नसता तर तिचं आळशीपण कुणी खोडून काढलं नसतं. तुमच्या मुलाचंही वाचन आणि लेखन वेगळं तपासून घ्या. कान स्वच्छ निघाला तर ही दुसरी वाट आधी बघावी लागेल.

भाषेचा मुद्दा आता सांगते, कारण तुमच्या प्रकरणात तो मोठा आहे. घरी मराठी बोलणाऱ्या तिसरीतल्या मुलाला शब्दांचे अर्थ इंग्रजीतून विचारले, तर त्यातून बरंचसं त्याचं इंग्रजीच मोजलं जातं. आपल्याकडे हे फार आधी ओळखलं गेलं होतं. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकातच बिने चाचणीचं कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी रूपांतर केलं. बिने-कामत नावानं ते आजही वापरतात. मात्र एक गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही. कामतांची मूळ मानकं १९३०च्या दशकातली आणि मालिन यांची १९६०च्या दशकातली आहेत, म्हणजे मुलाची तुलना अर्ध्या शतकाहूनही आधीच्या मुलांशी होते. विसाव्या शतकात अनेक देशांत दर पिढीला मुलं या चाचण्यांत आधीच्या पिढीपेक्षा पुढे गेलेली दिसली, दशकाला साधारण तीन गुणांनी. त्यामुळे जुन्या मानकांवर आकडा उतरता नाही, उलट चढा येण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा "चाचणी जुनी आहे, खरा आकडा जास्तच असणार" अशी समजूत करून घेऊ नका. इंग्रजीनं त्याला खाली ओढलं असेल, मानकांनी वर नेलं असेल. मधला हिशेब कागदावर बसून सुटत नाही.

आणि तो दिवस! साडेपाचची एसटी, दीडचा नंबर, मांडीवर डुलक्या. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोच शेतकरी, तशाच आकृत्यांच्या चाचण्या, एकदा तोडणीआधी हातात पैसा नसताना आणि एकदा उसाचे पैसे आल्यावर. तोडणीआधीचे गुण स्पष्टपणे कमी होते. कारखान्याच्या बिलाची वाट बघणं काय असतं हे तुमच्या तालुक्यात मी वेगळं सांगायला नको. मोठ्या माणसाचं डोकं काळजीनं असं अडतं, तर झोप न झालेल्या आठ वर्षांच्या मुलाचं किती अडलं असेल? पुढच्या वेळी आदल्या रात्री तिथेच कुणाकडे तरी मुक्काम करा आणि सकाळची पहिली वेळ मागून घ्या. तीच चाचणी लगेच परत देऊ नका. प्रश्न आठवतात आणि आकडा उगाच फुगतो. आधी कान, मग निदान काही महिन्यांनी दुसरी चाचणी, आणि ती मराठीतून.

आता तुमचा दुसरा प्रश्न, वाढतो का. शिक्षणानं वाढतो. नॉर्वेत सक्तीचं शिक्षण सात वर्षांवरून नऊ वर्षांवर नेलं, तेव्हा शाळेत जास्त राहिलेल्या मुलांचे पुढे १९व्या वर्षी सैन्यभरतीच्या चाचणीतले गुण शाळेच्या प्रत्येक जादा वर्षामागे साधारण पावणेचार बुद्ध्यांक-गुणांनी वाढलेले आढळले. पण याचा अर्थ क्लास लावून ८४ चे १२० होतील असा घेऊ नका. असं आश्वासन कुणी पैसे घेऊन देत असेल तर त्याच्या पायरीवरूनच माघारी फिरा. आणि समजा, कान चांगला निघाला, मराठीतूनही आकडा ऐंशी-पंच्याऐंशीच आला, तरी काय? त्याला नवी गोष्ट शिकायला चारदा समजावून सांगावं लागेल, हातात वस्तू देऊन सांगावं लागेल, वेळ जास्त लागेल. शाळेतल्या गुणांमधल्या मुलामुलांच्या फरकापैकी बुद्ध्यांकातून साधारण पाव हिस्साच समजतो. बाकीच्यात हजेरी, शिकवणं, घरचा आधार, मुलाची चिकाटी हे सगळं येतं. यातलं बरंच काही तुमच्या हातात आहे.

शाळेला सांगा की शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, बुद्ध्यांक काहीही असो. (अल्पसंख्याक संस्थेची शाळा असेल तर हा कायदा लागू होत नाही, ते आधी बघून घ्या.) हे लेखी द्या, भांडू नका, आणि त्याच अर्जात त्याला पहिल्या बाकावर बसवण्याची विनंती करा. उंचीमुळे मागच्यांना दिसत नसेल तर पहिल्या बाकाच्या कडेला बसवा. माध्यम बदलावं का हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. मी तुमच्या जागी असते तर जूनमध्ये त्याला जवळच्या मराठी शाळेत घातलं असतं. त्याला इंग्रजी झेपत नाही म्हणून नव्हे. जे शिकवतात ते आधी त्याला कळायला हवं म्हणून. पण हा निर्णय दाखला काढा म्हणणाऱ्यांच्या दबावाखाली घेऊ नका. कानाचा निकाल हातात येऊ द्या आणि त्याला दोन्ही शाळा दाखवून विचारा.

लेकीच्या १३८ बद्दल थोडंसं. मोबाइलवरच्या त्या चाचण्यांत मुलाशेजारी कुणी बसलेलं नसतं आणि त्यांची मानकं कुणी तपासलेली नसतात. तो आकडा धरून ठेवण्यासारखा नाही. ती हुशार असेलही, तिला तसंच राहू द्या. १९२१ मध्ये लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियात अतिबुद्धिमान मुलं चाचणीनं निवडून आयुष्यभर त्यांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली. त्या निवडीत न बसलेल्यांमध्ये विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ ही दोन मुलं होती. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज लेकीवर १३८ चं ओझं आहे आणि लेकाच्या अंगावर ८४ चं. दोघंही एकाच घरात, एकमेकांकडे बघत वाढताहेत.

म्हणून माझी कळकळीची विनंती रतीबाबद्दल आहे. कानाचा निकाल यायला वेळ लागेल, मराठीतली चाचणी त्याहून उशिरा होईल. पण वही परत द्यायला कुठलाच अहवाल लागत नाही. अठरा घरं, अर्धा-पाऊण लिटर, महिन्याचे खाडे आणि शेवटचा हिशेब, हे तो दोन वर्षं करत होता आणि एका कागदानं ते त्याच्याकडून काढून घेतलं. ते का काढलं, हे त्याला कुणी सांगितलं नसेल तरी त्याला कळलंय. यावरून तो लपलेला प्रतिभावंत आहे असं मी म्हणणार नाही. एवढं नक्की म्हणेन की ते काम त्याला येतं, ते घराच्या उपयोगाचं आहे, आणि महिनाअखेरीला हिशेब जुळला की त्याचा त्यालाही आनंद होत असणार. वडिलांशी आज रात्रीच बोला. लेकीलाही घेऊन जायचं असेल तर तिघं मिळून जा, पण वही त्याच्या हातात असू द्या.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्यावर एक काम सोपवा. रोज रात्री त्याला समोर, अगदी जवळ बसवून कोडी घालायला सांगा, गोष्ट सांगायला सांगा, आणि मधेच थांबून "मग पुढे काय झालं असेल?" असं विचारायला सांगा. शाब्दिक भागात तो जिथे अडला, ते भाषेचं बळ असंच वाढतं. नातवाला काय काय कळतं ते त्यांना ऐकायला मिळेल, ते वेगळंच.

मुलाला आकडा सांगू नका. लपवाछपवीही करू नका, कारण त्यानं तो ऐकलेला असणार. त्यानं विचारलं तर सरळ सांगा: "त्या दिवशी तू दमला होतास आणि प्रश्न इंग्रजीत होते. तुला कुठे अडतं ते बघायला गेलो होतो. आता डॉक्टर तुझे कान तपासणार आहेत, आणि मग बाईंना सांगून शिकणं सोपं कसं करायचं ते ठरवू." आणि आजी पुन्हा "त्याला नाही कळायचं" म्हणाल्या तर तिथल्या तिथे, त्याच्यादेखतच शांतपणे म्हणा, "कळतं त्याला, आई. थोडं मोठ्यानं सांगा."

ऑडिओमेट्रीचा कागद हातात आला की मला नक्की लिहा. अहवालाच्या आतल्या पानांच्या प्रतीही जोडा, त्याचं नाव झाकून.

तुमची,
ताई